फोडणी नेमकी कधी

"तेल तापू द्या. घाई करू नका. ज्याला तेलाची वाट बघता येत नाही, त्याला स्वयंपाक येत नाही," असं मी फार गंभीर चेहऱ्यानं म्हणालो आणि समोर उभ्या असलेल्या दोन मुलांनी माना डोलावल्या.

माझ्या स्वयंपाक-शिकवणीचा तो पहिलाच दिवस. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरमधल्या एका उंच इमारतीतला फ्लॅट, आयटीत काम करणारी दोन मराठी मुलं, आणि काळ्या काचेच्या सपाट शेगडीवर डुलणारी माझी घरची गोल बुडाची कढई. वाट बघता बघता मी तेलाच्या स्वभावाबद्दल बरंच बोललो. तेल हाक मारतं म्हणालो. मग मोहरीचा एक दाणा टाकून दाखवला. दाणा तळाशी गेला आणि निवांत बसून राहिला. "अजून वेळ आहे," मी म्हणालो. आणखी बोललो. दाणा हलला नाही.

शेवटी त्यातला निखिल नावाचा मुलगा चाचरत म्हणाला, "काका, एक विचारू? ही कढई अॅल्युमिनियमची आहे ना?"

"एकदम शुद्ध!" मी अभिमानानं सांगितलं.

"मग ती इंडक्शनवर तापत नाही, काका."

मी बोट बुडवून बघितलं. तेल डोक्याला लावावं इतकं गार होतं.

आता यात लाज वाटण्यासारखं काय, असं एखाद्याला वाटेल. तर सांगतो. गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात मी धातू तपासणारा होतो. गाड्यांचे सुटे भाग यायचे आणि कुठला धातू काय आहे, तो तापला की कसा वागतो, लोहचुंबक कशाला चिकटतं नि कशाला नाही, हे सांगण्याचा पगार मी केस पांढरे होईपर्यंत घेतला. ती विद्या घरी ठेवून मी कढई तेवढी घेऊन आलो होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वैजू बँकेत आहे; तिथं दिवसभर लोकांच्या चुका निस्तरून ती दमलेली असते. ती एवढंच म्हणाली, "उद्या जाताना चुंबक घेऊन जा." तेव्हापासून माझ्या पिशवीत खरंच एक चुंबक असतं. मसाल्याचा डबा नसतो, चुंबक असतं.

हा धंदा मी ठरवून काढलेला नाही. कारखाना पार शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला हलला, मालकांनी नवी यंत्रं आणली, आणि धातू ओळखायला यंत्र पुरेसं आहे असं त्यांचं मत पडलं. वैजूला यायला उशीर होतो म्हणून घरचा स्वयंपाक मी आधीपासूनच करत होतो. मूळचा सांगलीचा, तोंड चमचमीत, आणि चेन्नईत एका पगारावर घर चालवायचं. त्यामुळे थोडक्यात चविष्ट करायची सवय लागलेली. शेजारच्या एका मुलीनं विचारलं, तिच्या मैत्रिणीनं विचारलं, आणि बघता बघता मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच भांड्यांत स्वयंपाक शिकवणारा माणूस झालो. तमिळ गिऱ्हाइकं मला 'समयल सार' म्हणतात, म्हणजे स्वयंपाकाचे सर. मराठी मुलं काका म्हणतात. वैजू मुख्याध्यापक म्हणते, आणि तिच्या आवाजात त्या वेळी आदर नसतो.

या कामाची रीत सांगतो. आता पहिल्या दिवशी मी गॅस पेटवत नाही. आधी कचऱ्याचा डबा उघडतो. लोकांना ते विचित्र वाटतं, पण डॉक्टर जीभ बघतात तसाच हा प्रकार. कोथिंबिरीच्या काड्या डब्यात दिसल्या की कळतं, या घरात वास फेकून देतात आणि पानं खातात. मुळ्याचा पाला, दोडक्याच्या शिरा, कलिंगडाचा पांढरा भाग, शिळ्या भाताचा गोळा, हे सगळं डब्यात असतं आणि मग मंडळी म्हणतात, "काका, घरी करायला महाग पडतं." वेळचेरीत एका बाईंकडे परदेशी पाल्यांच्या पुड्यांनी ड्रॉवर भरला होता आणि घरात तूरडाळ नव्हती. त्यांना मी दोडक्याच्या शिरांची चटणी करून दाखवली. त्या डोळे मिटून खाऊन म्हणाल्या, "हिला म्हणतात काय?" मी म्हटलं, "मघाशी हिला कचरा म्हणत होतात."

स्वस्त जेवणाला चव मसाल्यांच्या संख्येनं येत नाही. क्रमानं येते. काय आधी, काय नंतर, झाकण कधी, आच कधी कमी. आणि त्या क्रमात, मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो, पहिली फोडणी. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आणि त्यावर शिजलेली डाळ ओतली की जो चर्र आवाज होतो, तिथून आमटी सुरू होते. यावर माझा इतका विश्वास होता की कुणी शंका काढलीच नाही. मी काढू दिली नसती.

तर त्या इंडक्शनवाल्या निखिलनं माझं नाव त्याच्या बेंगळुरूच्या मॅनेजरबाईंना दिलं. त्यांचं नाव चित्रा. फोनवर त्यांनी मराठीत सुरुवात केली, मध्ये इंग्रजीत गेल्या, तमिळमध्ये थोडं रागावल्या आणि पुन्हा मराठीत आल्या. त्यांचं घराणं तंजावरकडचं. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी लोक.

"माझे अप्पा सैदापेटला एकटे असतात. अम्मा गेली, एक वर्ष होत आलं. त्यांनी जन्मात कधी गॅस पेटवला नाही. मेसमधून दहीभात मागवतात, अर्धा टाकतात, बिस्किटं खातात. मागच्या महिन्यात बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले. मी म्हटलं, इनफ, बेंगळुरूला चला. ते म्हणतात, घर सोडणार नाही. शेवटी आमचं ठरलंय. मी पोंगलला येईन, दोन दिवस राहीन, किचनमध्ये पाय ठेवणार नाही. अप्पांनी नीट करून खाल्लं, मला खाऊ घातलं, तर राहू देत. नाही तर माझ्याबरोबर यायचं. परतीची दोन तिकिटं काढून ठेवलीत मी."

"त्यांना हे मान्य आहे?"

"मान्य नाही. पण हो म्हणाले."

मला या बाईंचा राग आला नाही. मलाही बाप होता, आणि तोही पडल्याचं सांगायचा नाही.

राव मामांचं घर सैदापेटच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पूर्ण नाव तुळजाराम राव, पण इथल्या पद्धतीनं मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि ते मला 'सार' म्हणू लागले, जरी मी त्यांच्याहून पुष्कळ लहान होतो. उंच, सुकलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बोलणं मात्र ऐकत राहावं असं. एखाद्या जुन्या पत्रातलं मराठी, तमिळ हेल काढून, वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारं.

"या की, सार. बसा. कॉफी देऊ म्हटलं तर मज येत नाही. तुम्ही शिकवाल तेव्हा देईन."

मी कचऱ्याचा डबा उघडला. बिस्किटांचे कागद आणि मेसच्या दहीभाताची पाकिटं, अर्धी भरलेली. मामा माझ्या मागं उभे राहून तेही बघत होते. "त्यात काय दिसतं, सार?"

"भूक दिसते, मामा."

"होय," ते म्हणाले. "ती आहे."

ते आयुष्यभर बंदरात क्रेन चालवत. उंच काचेच्या खोलीत बसून खालच्या जहाजातली अवजड पेटी अशी उचलायची की आतली काचेची बाटली खुळखुळू नये. आणि तो माणूस कुकरचं झाकण बसवताना घामाघूम व्हायचा. पण हात शिकाऊ होते. दोन-चार खेपांत भात जमला. मग अंड्यासारख्या चकाकत्या वांग्यांची भाजी जमली, शेवग्याच्या पाल्याचं वरण जमलं. कॉफी पहिल्यांदा जमली तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून पाहुण्यासारखी दिली आणि मी पिऊन होईपर्यंत स्वतः उभे राहिले. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी आम्ही जायचो. टोपलीत उरलेला माल बायका स्वस्तात देतात. भाजीवाली मामांना ओळखायची. "अम्मा वांगी अशी दाबून नाही, देठ बघून घ्यायची," असं तिनं तमिळमध्ये ऐकवलं आणि मामांनी पुढच्या वेळेपासून देठ बघितले.

पोट भरायचा प्रश्न मिटत आला होता. पण एक गोष्ट होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, तुम्हाला शिकायचं काय आहे? मामा म्हणाले होते, "अंबू वांग्यांची आमटी करायची. ती आली म्हणजे पुरे. चित्रा आली की तीच मागेल." अंबू म्हणजे अंबुजा, त्यांची पत्नी.

आमटी! माझा हातखंडा. मी तेल तापवलं, खणखणीत फोडणी केली, वर डाळ ओतली, चिंच, भाजलेल्या धन्यांचं नि खोबऱ्याचं वाटण, आणि शेवटी माझा खास गुळाचा खडा. मामांनी भातावर घेतली. जेवले. सगळी जेवले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "फार बरी आहे, सार. पण हे ते नव्हे."

पुढच्या खेपेला चिंच बदलली. जुनी, काळी चिंच आणली. "बरी आहे. हे ते नव्हे." धने कमी केले, मेथी वाढवली, तिळाचं तेल आणलं, खोबरं आधी भाजलं, नंतर न भाजता घातलं. जॉर्ज टाउनच्या मसाल्याच्या गल्लीत जाऊन मिरच्यांचे वेगवेगळे प्रकार आणले. दुकानदारानं विचारलं, हॉटेल काढताय का? "थोडी गोड आहे, पण बरी आहे," मामा म्हणायचे, पान पुसून खायचे, आणि मग अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं, "पण हे ते नव्हे."

मला दुसरं काही सुचेना. रोज घरी वांग्यांची आमटी होऊ लागली. वैजू बँकेतून आली की मी वाटी पुढं करायचो. "सांग, चिंच पुढं येते की मेथी?" एकदा ती गुळाबद्दल काहीतरी म्हणाली, पण मी तेव्हा मेथीच्या विचारात होतो.

"मामा, त्या आमटीची चव नेमकी कशी होती?" मी विचारायचो.

"चव सांगता येते का, सार? ती असते."

"तुम्ही कधी स्वयंपाकघरात जाऊन बघितलंत?"

"कशाला? अंबू रागावायची. मी हॉलमध्ये पेपर वाचायचो. ती 'जेवाया या' म्हणायची. मी जायचो."

पोंगल आठवड्यावर आला आणि त्या आठवड्यात मामांनी भांडं वितळवलं.

इकडच्या घरांत सार, म्हणजे रसम, करायला कथलाचं भांडं असतं. लहान, पांढुरकं, मऊ धातूचं. त्यातल्या साराला म्हणे वेगळीच चव येते. मात्र ते रिकामं आचेवर ठेवायचं नसतं. आधी पाणी, मग आच, कारण कथील जरा तापलं की वितळतं. हे मला माहीत होतं. कथील किती लवकर वितळतं हे मी लोकांना शिकवत असे. पण मामांच्या फडताळात ते भांडं आहे हे मी बघितलं होतं आणि बोललो नव्हतो. सकाळी मला सार करून द्यावं म्हणून मामांनी ते गॅसवर ठेवलं आणि आधी तेल शोधायला वळले. मागं वळेपर्यंत भांड्याचं बूड गळून बर्नरमध्ये गेलं होतं.

मी पोचलो तेव्हा ते हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. ओट्यावर चंदेरी थारोळं थिजलं होतं.

"अंबूच्या आईनं दिलेलं होतं," ते म्हणाले. "चित्राला फोन करून सांगतो, सार. तिकीट राहू दे. मी जातो तिच्याकडे. हे माझं काम नव्हे."

चुंबक पिशवीत होतं. त्याचा काही उपयोग नव्हता. मी ओटा खरवडायला घेतला. मग मामा हॉलमधून, मला उद्देशून की कुणाला ते कळू नये असं, म्हणाले, "घरात आवाज नाही. म्हणून जेवण जात नाही. आधी कळायचं, आता काय चाललंय ते."

"म्हणजे?"

"हिथं बसून मज सगळं ऐकू यायचं. आधी वाटायचा आवाज. मग कुकरच्या शिट्ट्या. मग बराच वेळ रटरट. मग चर्र. लगेच टण्. मग 'जेवाया या'."

मी ओटा खरवडता खरवडता, शिक्षकाच्या सवयीनं, त्यांना दुरुस्त केलं. "चर्र आधी, मामा. फोडणी आधी असते. मग रटरट."

"नव्हे, सार. चर्र शेवटी."

"तुम्हाला तसं आठवत असेल. पण आमटी म्हटली की..."

मामा उठून दारात आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "सार, मी क्रेन चालवली. उंचावर बसलं की खालचं धड दिसत नाही. दोर ताणला की आवाज बदलतो, त्यावरून ओझं कळतं. आवाज चुकला तर खाली माणूस मरतो. माझ्या हातून कुणी मेला नाही. चर्र शेवटी. टण् त्याच्या मागोमाग. मग 'जेवाया या'."

उलथणं धरलेला माझा हात थांबला. "टण् म्हणजे कसला?"

"झाकणाचा. पितळी झाकण."

"आणि वास? घरभर फोडणीचा वास यायचा की नाही?"

मामांनी जरा विचार केला. "यायचा नाही. तुमच्या फोडणीनं खालच्या मजल्यावरची माणसं खोकतात. अंबूच्या वेळी हॉलमध्ये काहीच नाही. पानावर झाकण काढलं की यायचा."

मी गॅसजवळच्या स्टुलावर बसलो. चेन्नईत इतकी वर्षं काढली. इथं सांबाराला, रसमला फोडणी शेवटी देतात हे शेंबड्या पोराला ठाऊक. मलाही ठाऊक. आपणही कोशिंबिरीला वरून फोडणी देतोच की! पण मामा मराठी, त्यांची पत्नी मराठी, पदार्थाचं नाव आमटी. म्हणजे क्रमही सांगलीचा असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. अंबुजाबाईंचे पूर्वज ज्या मुलखात पिढ्यान्पिढ्या जेवले, त्या मुलखानं त्यांच्या हातांना काहीच शिकवलं नसेल, असा हट्ट माझा एकट्याचाच होता. फोडणी तिथं आमटीची सुरुवात नव्हती. तो शेवटचा हात होता, आणि तो हात फिरला की झाकण पडायचं, वास आत कोंडायचा आणि पानावर मोकळा व्हायचा.

"मामा, वांगी आहेत?"

"आहेत. पण मी फोन करणार होतो."

"उद्या करा."

त्या दिवशी मी हॉलमध्ये बसलो आणि आमटी त्यांनी केली. वाटण, शिट्ट्या, रटरट. मग लहान कढल्यात तेल, मोहरी, लाल मिरची, हिंग, कढीपत्ता. चर्र. टण्. मामा बाहेर आले, माझ्याकडे न बघता पुन्हा आत गेले. थोड्या वेळानं पान वाढलं, झाकण काढलं, पहिला घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, शाळेत निकाल लागायच्या दिवशी बघत असे तसं.

"जवळ आहे," मामा म्हणाले. "फार जवळ."

"हे ते?"

"अजून नव्हे. पण जवळ."

अजून काय राहिलं, यावर मी पोंगलपर्यंत डोकं आपटलं. ते सापडलं नाही.

चित्रा आल्या. माझ्या कल्पनेत रागीट बाई होत्या. प्रत्यक्षात बारीक, चष्मेवाल्या, वडिलांसारख्या उंच. मला मामांनी मुद्दाम बोलावलं होतं. "तुम्ही हॉलमध्ये बसा, सार. आत यायचं नाही. चित्रानंही नाही." टीपॉयवर, किल्ल्यांच्या खाली, दोन तिकिटांचे कागद होते. ते कुणी हलवले नव्हते, आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

चित्रा मला हळू आवाजात सांगत होत्या, "सर, तुम्ही खूप केलंत. पण प्रश्न एका दिवसाचा नाही ना. पोंगलला नीट करतील, मग एप्रिलच्या उन्हात? मला रात्री झोप लागत नाही. अप्पांना वाटतं मी त्यांचं घर काढून घेतेय. मी त्यांना काही..."

आतून वाटणाचा आवाज आला. शिट्ट्या झाल्या. रटरट सुरू झाली. चित्रा बोलत होत्या, त्यांच्या सोसायटीत लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, मराठी मंडळ आहे. मी हो हो म्हणत होतो, पण कान आत होते. मामा काही विसरले तर?

चर्र.

टण्.

चित्रा वाक्याच्या मध्येच थांबल्या. चष्मा काढून हातात धरला. आणि आतून मामांचा आवाज आला, हेल काढून, शेवटी वर जाणारा: "जेवाया या."

त्या उठल्या. आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबल्या, कारण पाय न ठेवायचं वचन होतं, आणि तिथंच खाली पाटावर बसल्या. मामांनी केळीचं पान मांडलं, भात वाढला, पितळी झाकण काढलं. वास हॉलमध्ये माझ्यापर्यंत आला, पहिल्यांदाच.

त्या जेवल्या. पुन्हा भात मागितला. पुन्हा आमटी मागितली. मग म्हणाल्या, "अप्पा, ही अम्माची आहे."

"होय," मामा म्हणाले. स्वतः त्यांनी अजून घास घेतला नव्हता. आता घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग माझ्याकडे वळून, अपराध्यासारखे, म्हणाले, "सार, एक चूक झाली. घाईत गूळ घालायचा राहिला."

"गूळ?" चित्रा म्हणाल्या. "अम्मा आमटीत गूळ कधीच घालत नव्हती. कुणी सांगितलं गूळ घालायला?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यालो.

मामांनी आणखी एक घास घेतला आणि मग, मला लागू नये म्हणून नव्हे, अगदी मोठ्यानं आणि आनंदानं म्हणाले, "सार! हे ते!"

दुसऱ्या दिवशीही त्या घरात राहिल्या आणि मामांनी दोन्ही वेळचं केलं. जाताना चित्रांनी टीपॉयवरचे कागद उचलले. एक पर्समध्ये ठेवला. दुसऱ्याचं काय करायचं म्हणून क्षणभर बघितलं, आणि मग गरम आमटीच्या डब्याखाली घडी करून ठेवला, पिशवी ओली होऊ नये म्हणून. "एप्रिलमध्ये बघू," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये महिनाभर तुम्ही या, अप्पा, आणि मला हे शिकवा. नंतर परत या." मामा म्हणाले, "फी घेईन."

एप्रिलमध्ये ते गेले आणि मे लागल्यावर परत आले. अजून सैदापेटलाच आहेत. ते कथलाचं भांडं गेलं ते गेलंच. तसं नवं मिळतं, पण ते नव्हे, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे आम्ही शोधलं नाही. ती हळहळ मला आहे. धातू ओळखणाऱ्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं.

पण त्या पोंगलच्या संध्याकाळी मात्र मी हवेत होतो. वैजूला सुट्टी होती. मी घरी येऊन सगळं सांगितलं, आवाजांसकट. चर्र केलं, झाकण आपटून टण् केलं, 'जेवाया या' म्हणालो. बघ, म्हटलं, माणसानं कान कसे उघडे ठेवावेत! मामा त्या हॉलमध्ये नुसते बसायचे, पण बायको आत काय करते ते एकेक कानात साठवलं. ऐकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! पुढच्या शिकवणीत पहिला धडा हाच ठेवणार आहे.

वैजूनं पूर्ण ऐकून घेतलं. मग उठली, मी सकाळी करून ठेवलेली आमटी गॅसवर ठेवली, चमच्यानं चाखली आणि म्हणाली,

"जरूर ठेवा. आणि तो धडा घेताना मलाही बोलवा. लग्न झाल्यापासून सांगतेय, आमटीत गूळ नको म्हणून."